व्हाइस अ‍ॅडमिरल वॉल्विन आणि मुंबईचे नवे नौदल

सर हम्फ्री वॉल्विन (1879–1957) यांच्या नावावर दोन गोष्टी नोंदल्या गेल्या. जटलंडच्या लढाईत त्यांनी एक जखमी युद्धनौका तरंगती ठेवायला हातभार लावला, आणि मुंबईत वाहतुकीचे काम करणाऱ्या एका सरकारी सेवेचे लढाऊ नौदलात रूपांतर होत असताना तिची सूत्रे सांभाळली. पहिलीचा गाजावाजा जास्त झाला, पण भारताच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची.

31 मे 1916 रोजी उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारे भिडली, तेव्हा वॉल्विन ‘वॉरस्पाइट’ या युद्धनौकेवर कमांडर म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे मुख्य अधिकारी होते. ऐन लढाईत तिचे सुकाणू अडकले आणि जर्मन तोफांच्या माऱ्यातच ती गोल फिरू लागली. तो सगळा भडिमार तिने अंगावर घेतला, म्हणून जवळची मोडकळीस आलेली ‘वॉरियर’ क्रूझर तेवढ्यापुरती बचावली. कप्तान फिलपॉट्स यांनी वॉल्विन यांना खाली पाहणीसाठी पाठवले. धूर, पाणी आणि अंधार यांतून ते कप्प्याकप्प्यांत फिरले. कुठे भोक पडले, कुठे आग लागली, कुठे पाणी शिरते, ते पाहत आणि बुजवून घेत गेले. पुढे त्यांनी या फेरीची हकिगत लिहिली. जटलंडवरच्या इंग्रजी पुस्तकांतून ती आजही वारंवार येते, कारण लढाईतल्या जहाजाचे पोट आतून कसे दिसते हे सांगणारे लेखन फारसे नाही.

1928च्या अखेरीस ते मुंबईला रॉयल इंडियन मरीनचे संचालक म्हणून आले. भारत सरकारच्या या सेवेकडे लढण्याचे काम जवळपास नव्हतेच. 1863 साली जुने ‘इंडियन नेव्ही’ मोडल्यावर उरलेल्या सेवेकडे पलटणी वाहून नेणे, किनाऱ्याचे सर्वेक्षण आणि बंदरांची देखभाल एवढेच राहिले. 1892 साली ‘रॉयल’ बिरुद लागले तरी काम तेच. पहिल्या महायुद्धात तिच्या ‘हार्डिंज’ जहाजाने सुएझ कालव्यात तुर्की तोफगोळे खाल्ले, पण खर्चकपातीच्या काळात अशा आठवणींना किंमत उरत नाही. लॉर्ड रॉलिन्सन यांच्या समितीने तिला लढाऊ स्वरूप द्यावे, अशी शिफारस केली. 11 नोव्हेंबर 1928 रोजी तिच्या जहाजांवर ब्रिटिश आरमाराचे पांढरे निशाण चढले.

पैशाचा आणि अधिकाराचा प्रश्न मात्र तसाच होता. 1928 साली नौदल शिस्तीचे विधेयक केंद्रीय विधिमंडळाने फेटाळले. खर्च भारताने करायचा आणि नौदल कुठे पाठवायचे ते ठरवणार लंडन, ही सदस्यांची तक्रार रास्त होती. कायदा व्हायला 1934 उजाडले. त्या वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबईत रॉयल इंडियन नेव्हीची स्थापना झाली आणि वॉल्विन तिचे पहिले प्रमुख झाले. ते पद त्यांनी जेमतेम काही आठवडे सांभाळले. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडमिरल बेडफर्ड आले.

या सेवेत कोकणचा वाटा कुठे होता, हे पाहिले की तिची जात कळते. या किनाऱ्यावर तांडेल, सारंग, खलाशी यांची कधी वाण नव्हती. मरीनची खलाशीभरती मुख्यतः कोकणातून, त्यातही रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांतून होई. जहाजाच्या पुलावर मात्र इंग्रजच. पहिले भारतीय अधिकारी डी. एन. मुखर्जी 1928 साली आले, तेही इंजिन विभागात. अधिकाऱ्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश भारतीयांना द्यायचे ठरले, पण सेवाच इतकी लहान की तो हिस्सा मोजक्या माणसांचा. 1939 साली युद्ध सुरू झाले तेव्हा सगळे मिळून 114 अधिकारी आणि 1,732 खलाशी होते.

दार किलकिले झाले ते माझगावसमोर नांगरलेल्या ‘डफरिन’वर. मरीनचे हे जुने सैन्यवाहू जहाज 1927 पासून भारतीय मुलांची प्रशिक्षणनौका झाले. व्यापारी जहाजांसाठी तयार झालेल्या या तरुणांपैकी काही पुढे नौदलात गेले. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी एप्रिल 1958 मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले.

वॉल्विन इथून गेले ते जानेवारी 1936 मध्ये न्यूफाउंडलंडचे गव्हर्नर झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. तिथली निवडून आलेली विधानसभा कर्जबाजारीपणापायी स्थगित झाली होती, आणि गव्हर्नरच्या अध्यक्षतेखाली नेमलेले मंडळ कारभार पाही. जनतेला न विचारता राज्य चालवण्याची रीत वॉल्विन यांना मुंबईत असतानाच परिचयाची झाली असणार.

इकडे भारतात कटारींनंतर 5 जून 1962 रोजी भास्कर सदाशिव सोमण नौदलप्रमुख झाले. या पदावर बसलेले ते पहिले मराठी अधिकारी. 1965च्या युद्धात नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जाऊ न देण्याच्या आदेशाविरुद्ध त्यांनी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे दाद मागितली होती.