सर्वांत मोठी मूळ संख्या नसतेच

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ४,१०,२४,३२० अंकांची एक संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्के झाले. अमेरिकेच्या लूक ड्युरंट यांनी ती शोधली. तिला सर्रास ‘जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या’ म्हटले जाते, पण ती फक्त आजवर माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी आहे. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच सिद्ध केले.

युक्लिडच्या त्या सिद्धतेवरून आणखी एक घोळ होतो. पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की नवी मूळ संख्या तयार होते, असे अनेकांना वाटते. २ ते १३ पर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ म्हणजे ३०,०३१, आणि ती आहे ५९ × ५०९. युक्लिडचे म्हणणे एवढेच की तिचा कोणताही मूळ विभाजक आपल्या यादीबाहेरचा असतो.

तसेच घातांक मूळ असला म्हणजे २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्याच मिळेल, असेही नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. म्हणून प्रत्येक उमेदवार संख्या तपासावीच लागते.

ही तपासणी कशी होते, याबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. संगणक एकेका संख्येने भागून पाहत असेल, असे आपण धरून चालतो. पण या संख्येचे वर्गमूळच दोन कोटींहून अधिक अंकी आहे, तिथवर भागत जाणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. खरी कसोटी ल्युका आणि लेमर या गणितज्ञांची, आणि ती विलक्षण देखणी आहे. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. १२७ म्हणजे २ चा ७ वा घात वजा १, म्हणून पाच फेऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. झाले! एकदाही विभाजक शोधावा लागला नाही.

त्यामुळेच संख्या मूळ नाही हे कळले तरी तिचे अवयव कळतातच असे नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवली होती. ती मूळ नाही, हे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले, पण तिचे अवयव हाती लागले नाहीत. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये काढले: १९,३७,०७,७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

आणि हो, अशा राक्षसी संख्यांवर बँकांचे व्यवहार सुरक्षित राहत नाहीत. आरएसए या सांकेतिक पद्धतीत साधारण तीनशे अंकी मूळ संख्या पुरतात, फक्त त्या गुप्त असाव्या लागतात. जगजाहीर संख्या तिथे निरुपयोगीच.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्यासोबत ८१९१ या संख्येला ल्युका-लेमर कसोटी लावून बघा. २ चा १३ वा घात वजा १, म्हणून फेऱ्या अकरा. साधा कॅल्क्युलेटर पुरेल.