कॅथलिक वर्कर चळवळ

कॅथलिक वर्कर चळवळ ही अमेरिकेत न्यू यॉर्क येथे १९३३ साली सुरू झालेली प्रापंचिक कॅथलिकांची सामाजिक चळवळ होय. पत्रकार डोरोथी डे (१८९७–१९८०) आणि मूळचे फ्रान्समधील श्रमिक विचारवंत पीटर मॉरिन (१८७७–१९४९) हे तिचे संस्थापक होत. भुकेल्याला अन्न देणे आणि त्याला भुकेले ठेवणाऱ्या व्यवस्थेला विरोध करणे ही एकाच धर्मकर्तव्याची दोन अंगे आहेत, हा या चळवळीचा मूळ विचार आहे.

पार्श्वभूमी

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र काढून न्याय्य वेतन व कामगारांचा संघटित होण्याचा हक्क यांना चर्चची मान्यता दिली. मात्र ही शिकवण सामान्य कामगारापर्यंत फारशी पोहोचली नव्हती. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील लाखो लोक बेकार झाले. शिधा मिळवण्यासाठी शहरोशहरी रांगा लागू लागल्या.

डोरोथी डे तरुणपणी समाजवादी वृत्तपत्रांत काम करीत. स्त्रियांच्या मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर झालेल्या निदर्शनात भाग घेतल्याबद्दल १९१७ साली त्यांना तुरुंगवास घडला. १९२६ साली कन्येचा जन्म झाल्यावर त्या धर्माकडे वळल्या आणि १९२७ च्या डिसेंबरात त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. कन्येच्या वडिलांना धर्म मान्य नसल्याने त्यांचे सहजीवन संपुष्टात आले. डिसेंबर १९३२ मध्ये वॉशिंग्टन येथील बेकारांच्या मोर्चाचे वार्तांकन करताना, या लढ्यात आपले धर्मबांधव कोठे आहेत, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करून गेला. त्या न्यू यॉर्कला परतल्या, तेव्हा मॉरिन त्यांच्या भेटीची वाट पाहत होते.

स्थापना

मॉरिन यांचा कार्यक्रम तीन कलमी होता: विचारमंथनासाठी चर्चासभा, निराश्रितांसाठी आतिथ्यगृहे आणि श्रम व अध्ययन यांची सांगड घालणाऱ्या शेतवसाहती. या विचारांच्या प्रसारासाठी डे यांनी ‘द कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र काढले. त्याचा पहिला अंक १ मे १९३३ रोजी, कामगार दिनी, न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये विकला गेला. त्याच्या २,५०० प्रती छापल्या होत्या आणि किंमत एक सेंट होती. पुढील काही वर्षांतच खप लाखाच्या वर गेला. एक सेंट ही किंमत मात्र पुढेही कायम राहिली.

आतिथ्यगृहे

चळवळीच्या निवासांना आश्रम वा अनाथालय न म्हणता आतिथ्यगृह म्हटले जाते. कारण तेथे येणारा याचक नसून पाहुणा असतो, अशी धारणा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायानुसार भुकेला, तहानलेला व परका यांची सेवा ही प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा ठरते. त्यामुळे पाहुण्याच्या धर्माची वा चारित्र्याची चौकशी केली जात नाही. कार्यकर्ते वेतन घेत नाहीत आणि त्याच घरात, तेच अन्न खाऊन राहतात. खर्च लोकांच्या देणग्यांतून भागतो. सरकारी अनुदान घेऊ नये, असा डे यांचा दंडक होता; कारण शेजाऱ्याच्या दुःखाची जबाबदारी शासनावर सोपवून व्यक्तीला मोकळे होता येत नाही, असे त्या मानीत.

हा आग्रह व्यवहारातही पाळला गेला. महापालिकेने ताब्यात घेतलेल्या घराच्या मोबदल्यावर १९६० साली सुमारे ३,५७९ डॉलर व्याज मिळाले, तेव्हा पैशाने पैसा मिळवणे अयोग्य असल्याचे कळवून डे यांनी ती रक्कम परत केली.

दया आणि न्याय

ख्रिस्ती परंपरेतील दयेची कृत्ये व्यक्तीची तातडीची गरज भागवतात. न्याय त्या गरजेच्या कारणाला हात घालतो. केवळ दया केली, तर अन्याय तसाच राहतो आणि केवळ न्यायाची भाषा केली, तर आज दारात उभा असलेला माणूस उपाशी राहतो. म्हणून चळवळीत अन्नदान व निदर्शने ही दोन्ही कामे एकाच घरातून चालली. अणुयुद्धाच्या तयारीसाठी सक्तीने होणाऱ्या हवाई हल्ल्याच्या सरावात सहभागी होण्यास डे यांनी १९५५ पासून नकार दिला व त्यासाठी वारंवार अटक पत्करली. १९७३ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या लढ्यात त्यांना अटक झाली.

मतभेद व टीका

१९४९ साली न्यू यॉर्कमधील चर्चच्या दफनभूमीतील कामगारांनी पाच दिवसांच्या आठवड्यासाठी संप केला. कार्डिनल फ्रान्सिस स्पेलमन यांनी तो मोडण्यासाठी धर्मगुरुपदाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी कामाला लावले. कॅथलिक वर्करचे कार्यकर्ते संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९५१ साली वृत्तपत्राच्या नावातील ‘कॅथलिक’ शब्द काढावा, अशी सूचना धर्मप्रांताकडून आली. डे यांनी आदरपूर्वक उत्तर दिले. पण नाव बदलले नाही. चर्चही सोडले नाही.

संपूर्ण युद्धविरोधाची भूमिका चळवळीला सर्वांत महाग पडली. दुसऱ्या महायुद्धातही ती कायम ठेवल्याने अनेक सहकारी दुरावले, वृत्तपत्राचा खप घसरला आणि काही आतिथ्यगृहे बंद पडली. शेतवसाहतींपैकी बहुतेक फार काळ टिकल्या नाहीत. दानधर्माने क्रांती लांबते, असा आक्षेप डाव्यांनी घेतला, तर काही कॅथलिकांना चळवळीत साम्यवाद दिसला.

भारताशी संबंध

महात्मा गांधींच्या अहिंसक प्रतिकाराबद्दल डे यांना आदर होता. १९४८ साली गांधीहत्येनंतर त्यांनी वृत्तपत्रात श्रद्धांजलीपर लेख लिहिला. १९७० साली त्या भारतात आल्या आणि कलकत्त्यात मदर टेरेसा यांना भेटल्या.

वारसा

डे यांचे २९ नोव्हेंबर १९८० रोजी न्यू यॉर्क येथील चळवळीच्याच घरात निधन झाले. २००० साली त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू होऊन त्यांना ‘देवाची सेविका’ ही उपाधी मिळाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली अमेरिकी काँग्रेससमोरील भाषणात ज्या चार अमेरिकी व्यक्तींचा गौरव केला, त्यांत अब्राहम लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग व थॉमस मर्टन यांच्याबरोबर डे यांचाही समावेश होता. चळवळीला मध्यवर्ती कार्यालय वा पदाधिकारी नाहीत. तरीही अमेरिकेत व अन्य देशांत मिळून शंभराहून अधिक आतिथ्यगृहे व वसाहती स्वतंत्रपणे कार्यरत आहेत.