कर्नल, हायपरव्हायझर आणि अधिकाराचे स्थान

एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम परस्परांस बाधा न आणता चालाव्यात, म्हणून त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायझर म्हणतात. कालवाटप, मेमरीची व्यवस्था, उपकरणांचे ड्रायव्हर हे सारे तिला लागते; आणि लिनक्सच्या कर्नलपाशी ते आधीच सिद्ध असते. तेव्हा कर्नललाच हायपरव्हायझर का करू नये? या विचारातून निर्माण झालेले केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाले.

इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरांवर ही योजना सहज बसली. तेथे यजमान व पाहुणा अशा दोन अवस्था असून प्रत्येकीत अधिकाराच्या सर्व पायऱ्या उपलब्ध असतात. यजमान कर्नलला आपले नित्याचे स्थान सोडावे लागत नाही.

आर्मने २०१० साली जाहीर केलेल्या विस्ताराची रचना मात्र निराळी होती. तीत कर्नलच्या पायरीवर ‘हायप’ ही आणखी एक पायरी चढविण्यात आली. तिची रजिस्टरे स्वतंत्र होती, आणि कर्नल व वापरकर्त्याचे प्रोग्रॅम यांच्यासाठी दोन वेगळे पेज-टेबल ठेवण्याची सोय तीत नव्हती. लहानशा स्वतंत्र हायपरव्हायझरला ती पुरेशी होती. परंतु लिनक्सचा कर्नल आहे तसा तेथे चालणे शक्य नव्हते.

कोलंबिया विद्यापीठातील क्रिस्टोफर डॉल व जेसन नीह यांनी यावर हायपरव्हायझरच्या विभाजनाचा मार्ग काढला. ‘लोव्हायझर’ हा लहान भाग हायप पायरीवर, तर ‘हायव्हायझर’ हा मोठा भाग कर्नलमध्येच ठेवला. पाहुण्याने नसलेल्या पानास स्पर्श केला, की प्रोसेसर हायप पायरीवर जातो. लोव्हायझर पाहुण्याची रजिस्टरे जतन करून यजमानाची पूर्ववत करतो. हायव्हायझर कर्नलच्या नेहमीच्या साधनांनी पान मिळवितो. मग पुन्हा हायपमार्गे पाहुण्याकडे परतावे लागते. प्रत्येक प्रसंगी ही दुहेरी ये-जा, हेच या युक्तीचे मूल्य होय. शिवाय कर्नल आरंभीच हायप पायरीवर सुरू झाला पाहिजे. तेथे आपला लहानसा प्रवेशबिंदू ठेवूनच तो खाली उतरतो. बूटलोडरने त्याला थेट खालच्या पायरीवर सुरू केल्यास वर जाण्याची वाट उरत नाही. ही रचना २०१३ साली लिनक्स ३.९ मध्ये स्वीकारली गेली.

त्यानंतर हार्डवेअरमध्येच बदल झाला. आर्मच्या ८.१ या आवृत्तीत असा एक बिट आला, की तो लावल्यावर कर्नलच्या पायरीच्या रजिस्टरांना उद्देशून दिलेल्या आज्ञा वरच्या पायरीच्या रजिस्टरांवर वळविल्या जातात. त्यामुळे कर्नल जवळजवळ न बदलता वरच्या पायरीवर चालू लागला. लिनक्सने २०१६ साली ४.६ या आवृत्तीत त्यास आधार दिला.

म्हणून विभाजनाची उपयुक्तता संपली, असे मात्र नव्हे. अँड्रॉइडसाठी रचलेल्या पीकेव्हीएममध्ये तेच तत्त्व नव्या हेतूने आले: वरच्या पायरीवरील अल्प कोड यजमान कर्नलवरही विश्वास न ठेवता पाहुण्याची मेमरी त्याच्यापासून राखतो. नव्या हार्डवेअरला आधार देणे म्हणजे केवळ जुन्या आज्ञांच्या जागी नव्या आज्ञा लिहिणे नव्हे. कोणता कोड कोणत्या अधिकाराने चालावा, आणि कोणी कोणावर विसंबावे, हे त्यात प्रथम ठरवावे लागते.