भोक की अनुस्वार?

मोडी अक्षर ओळखणाऱ्या संगणकप्रणालींवरचे शोधनिबंध चाळले, की शेवटच्या कोष्टकात नव्वदीच्या पुढचे टक्के हमखास भेटतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारी माणसं दिवसेंदिवस कमी होताहेत. त्यामुळे हे टक्के मोठी आशा लावतात. पण ते येतात कुठून, हे कळायला निबंध लिहिण्याच्या आधीचं काम जिथे चालतं, त्या खोलीत जाऊन बसावं लागतं.

अशाच एका खोलीत सत्तरीच्या एक बाई पडद्यासमोर बसल्या आहेत, शेजारी संशोधक विद्यार्थी. तो त्यांना काकू म्हणतो. जुन्या पत्रातलं एकेक अक्षर कापून पडद्यावर येतं आणि काकू ते कोणतं ते बालबोधीत सांगतात. यंत्र शिकणार ते या उत्तरांवरून.

‘‘एमनिस्टला साठ हजार होते,’’ विद्यार्थी म्हणतो. हस्ताक्षरातले शून्य ते नऊ हे अंक यंत्राला ओळखायला शिकवण्यासाठी यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा संच तयार केला. अमेरिकेच्या जनगणना खात्यातले कर्मचारी आणि शाळकरी मुलं यांच्या हातचे अंक त्यात आहेत. शिकवायला ६०,००० चित्रं, परीक्षेला १०,०००. प्रत्येक अंक २८ गुणिले २८ ठिपक्यांच्या चौकटीत मधोमध बसवलेला. दहा चिन्हांसाठी साठ हजार! मोडीत मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं, शिवाय लेखनिकांच्या खास खुणा. वळणं तरी किती! चिटणिसी वळण वेगळं, रानडी वेगळं.

आधीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: कागद स्कॅन करायचा, मग चित्र काळंपांढरं करायचं. त्यासाठी नोबुयुकी ओत्सू यांची १९७९ची पद्धत अजून वापरतात. चित्रातल्या करड्या छटांची वाटणी पाहून शाई कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, ती सीमा ही पद्धत आपोआप ठरवते. छापील पानावर ती छान चालते. दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रावर मागच्या बाजूची शाई पुढे उतरलेली असते, घडीवर कागद काळवंडलेला असतो, आणि कसरीनं पाडलेली भोकं असतात. पानाखाली गडद पाठ असेल तर भोकही शाईइतकंच काळं दिसतं.

इथेच काकू थांबतात. पडद्यावर ‘गाव’ आहे. ‘गा’च्या डोक्यावर एक ठिपका. यंत्रानं ‘गांव’ वाचलंय. जुन्या लेखनात तेही चालतंच, म्हणून चूक सहज खपून जाईल. काकू मूळ रंगीत स्कॅन मागतात आणि चित्र मोठं करत नेतात. शाई कागदाच्या तंतूंत पसरते, तिची कड फुटते. या ठिपक्याची कड चाकूनं कापल्यासारखी आहे. ‘‘भोक आहे रे,’’ त्या म्हणतात आणि अनुस्वार काढायला सांगतात. निबंधातल्या कोष्टकात हा निवाडा दिसणार नाही. तिथे फक्त यंत्र बरोबर आलं की चुकलं, एवढंच येईल. काय बरोबर हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्या नजरेला कोष्टकात रकानाच नाही.

देवनागरी ओळखताना शिरोरेषेचा आधार असतो. ज्या आडव्या ओळीत सर्वांत जास्त काळे ठिपके ती शिरोरेषा. ती पुसली की अक्षरं सुटी होतात, आणि मुळात ती जिथे तुटते तिथे शब्द संपतो. मोडीचा लेखनिक मात्र आधी पानभर आडवी रेघ ओढायचा, मग बोरू फारसा न उचलता खाली अक्षरं लिहीत जायचा. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ‘घरातलाकडेआहेत’ अशी ओळ आली तर ‘घरात लाकडे’ की ‘घरातला कडे’, हे नुसत्या आकारावरून कसं कळणार? ऱ्हस्वदीर्घाचंही तसंच. सहसा एकाच खुणेवर भागवलेलं असतं, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे वाक्यच सांगतं.

मग ‘छ’ येतो. यंत्र तो अचूक ओळखतं, विद्यार्थी खूश होतो. पण पुढे ‘७ रजब’ आहे.

‘‘काकू, हा छ कशाचा?’’

‘‘अरे, चंद्राचा. रजब महिन्याचा सातवा चंद्र. पत्राची तारीख आहे ती.’’

टक्केवारीच्या हिशेबात हे अक्षर आधीच ‘बरोबर’ धरलं गेलं होतं. सुट्या अक्षरांची परीक्षा आणि पत्राचं वाचन यांत एवढं अंतर आहे. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते हे अंतर रोज पार करणाऱ्या वाचकांच्या बळावर. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे वाचलेलं मोडीतच टंकता येतं. वाचायचं काम मात्र उरतंच.

विद्यार्थी मेहनती आहे, आणि यंत्राची गरजही खरी आहे: एवढे रुमाल माणसांच्या हातून पुरे होणार नाहीत. तो पुन्हा साठ हजारांचा हिशेब मांडतो. निबंधाच्या आभारात काकूंचं नाव येणार, असंही सांगतो. ते लेखकांच्या यादीत यायला हवं. अक्षराला नाव देणं हेच या संशोधनातलं सर्वांत कठीण वाचन आहे.

पुढच्या फेरीला रानडी वळणाची पत्रं घ्यायचं ठरलंय. या वेळी दोन वाचक एकमेकांना न विचारता अक्षरं लावतील. जिथे दोघांचं जुळणार नाही, ती अक्षरं संचातून काढून टाकायची नाहीत, दोन्ही वाचनांसह ठेवायची, अशी अट काकूंनी घातली आहे.