रेट लॉक संपत आलाय, क्लोजिंग अजून बाकी? आधी हे करा

अमेरिकेत घर घेताना रेट लॉक साधारण 30, 45 किंवा 60 दिवसांचा मिळतो. स्वतःचा धंदा असला की लेंडर टॅक्स रिटर्न, नफा-तोट्याचा हिशेब तपासतो, त्यातच दिवस जातात.

लॉक सुटला तर काय होतं? 4 लाख डॉलरचं 30 वर्षांचं कर्ज धरा. दर साडेसहावरून सातवर गेला, तर हप्ता महिन्याला सुमारे 133 डॉलरने वाढतो. मुदतवाढीची फी मात्र एकदाच द्यायची. दोन्ही आकडे शेजारी मांडा, मगच ठरवा.

लॉक संपायच्या आठवडाभर आधी लोन ऑफिसरला लेखी विचारा: फी किती, दिवस किती? उशीर लेंडरकडून झाला असेल तर फी त्यांनीच भरावी, असं स्पष्ट मागा. क्लोजिंग डिस्क्लोजर 3 कामकाजाचे दिवस आधी हातात यावं लागतं, तेही मोजा.