ब्रेकची चकती मोठी केल्याने काय साधते?

जाते ओढताना आपण खुंटा धरतो तो वरच्या तळीच्या काठाशी. तोच खुंटा आसाजवळ ठोकला तर दळणारीचा दम निघेल. परिबल शिकवताना हे उदाहरण आपण देतोच. फिरते चाक थांबवायलाही हाच नियम लागू पडतो. आसापासून जितके दूर धराल, तितके कमी बळ पुरते.

जपानच्या मझ्दा कंपनीने 1989 साली एमएक्स-5 ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार आणली. तिच्या 1.6 लिटर इंजिनाच्या गाडीत पुढच्या ब्रेकच्या चकत्या 235 मिलिमीटर व्यासाच्या होत्या. पुढे 1.8 लिटर इंजिन आले तेव्हा त्या 255 मिलिमीटर झाल्या, मागच्याही 231 वरून 251 झाल्या. गाडीचा सांगाडा तोच राहिल्याने जुन्या गाड्यांचे हौशी मालक नव्या गाडीच्या चकत्या, पॅड आणि ब्रॅकेट आणून बसवू लागले. पुढचा कॅलिपर जुनाच चालतो, नवा ब्रॅकेट त्याला जरा बाहेर सरकवतो इतकेच.

म्हणजे खुंटा 10 मिलिमीटर बाहेर गेला. पॅड आसापासून साधारण 10 सेंटिमीटरवर घासतो असे धरले, तर पायाच्या त्याच दाबाला परिबल सुमारे एक दशांशाने वाढेल. मग गाडीही तितकी लवकर थांबेल, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. ते चुकीचे आहे.

गाडीला मागे खेचणारे बळ शेवटी कोठून येते? टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक 0.8 धरू. थांबण्याचे कमीत कमी अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. उत्तर येते सुमारे 49 मीटर. या सूत्रात चकतीची त्रिज्या कोठेच नाही! जुना ब्रेक जोरात दाबून चाक जाम होत असेल, तर टायरची पकड आधीच संपलेली असते. मोठी चकती तेच चाक थोड्या हलक्या पायाने जाम करील, एवढेच.

मग ही खटपट कशासाठी? उष्णतेसाठी. चालकासह 1000 किलोग्रॅमची गाडी या वेगात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे 3,86,000 ज्यूल असते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी 92 अंशांनी तापेल. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा पुढच्या दोन चकत्यांवर पडतो. प्रत्येकीला जवळजवळ 1,30,000 ज्यूल. चकती बिडाची असते. बिडाचा विशिष्ट उष्मा 460 आणि चकतीचे वस्तुमान 4 किलोग्रॅम धरले, तर एका थांबण्याला ती 70 अंशांनी तापते. 5 किलोग्रॅमची असेल तर 57 अंशांनी. फरक किरकोळ वाटतो. पण शर्यतीच्या मार्गावर किंवा लांब उतारावर ब्रेक पुन:पुन्हा लागतो, चकतीला निवायला वेळ मिळत नाही, आणि पाचव्या खेपेला हाच फरक 65 अंशांवर गेलेला असतो.

फार तापलेल्या पॅडचे घर्षण घटते. त्याहून घातक म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. पण ते हवेतील बाष्प शोषते, आणि मग ही किमान मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. पास्कलचा नियम ब्रेकमध्ये चालतो तो द्रव दबत नाही म्हणून. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा दाब ते बुडबुडे दाबण्यातच जातो, आणि पेडल तळाला टेकते तरी ब्रेक लागत नाही. (जुनी गाडी घेणाऱ्याने आधी ऑइल बदलावे, चकत्यांचे नंतर पाहावे, असे आमचे मत.)

एक पथ्य मात्र आहे. फक्त मागच्याच चकत्या मोठ्या केल्या, तर आधीच भार कमी झालेली मागची चाके प्रथम जाम होतील आणि गाडी गरकन फिरेल. फक्त पुढच्या बदलल्या तर हा धोका नाही, पण मागचे ब्रेक आपला वाटा पुरता उचलत नाहीत. म्हणून जाणकार चारही चकत्या एकदम बदलतात. 2001 सालच्या एमएक्स-5 च्या काही गाड्यांत तर पुढे 270 मिलिमीटरच्या चकत्या आल्या. त्याही जुन्या गाडीला लावता येतात, पण त्यासाठी 14 इंची चाके काढून 15 इंची घालावी लागतात, कारण कॅलिपर लहान रिममध्ये मावत नाही.