भेटीचे मोल आणि भेटीचा हिशेब

कोराडीला मोठ्या माणसांचे येणे नवे नाही. नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाडा मार्गावरील या गावात एकीकडे औष्णिक वीज केंद्राची उंच धुरांडी दिसतात, तर दुसरीकडे श्री महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर. सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि सायंकाळी प्रौढा अशी देवीची तीन रूपे दिसतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू येथे आल्या आणि मंदिर परिसरातील भारतीय विद्या भवनाच्या सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. अशा प्रसंगी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाला थोर व्यक्तीचे ओझरते दर्शन घडते आणि त्यासाठी त्याला एक पैसाही मोजावा लागत नाही.

अलीकडे मात्र अशा दर्शनाला दर लागू झाला आहे. नामवंत खेळाडू, गायक किंवा अभिनेता यांच्याशी हस्तांदोलन, त्यांच्यासोबत एक छायाचित्र, जमल्यास एखादी स्वाक्षरी, असा सगळा ऐवज ‘मीट अँड ग्रीट’ या नावाने तिकीट लावून विकला जातो. हे वारे आता महानगरांपुरते राहिलेले नाही. नागपूर, कामठी, कोराडी परिसरातील व्यापारी घरांतही चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवरचे तिकीट दाखवून म्हणते, “पप्पा, एकदाच!” आणि दिवसभर गल्ल्यावर बसून पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या पित्यासमोर प्रश्न उभा राहतो. ही उधळपट्टी म्हणावी की मुलाच्या आयुष्यातील एका आनंदाची वाजवी किंमत?

एका दौऱ्याचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. अर्जेंटिनाचा जगज्जेता फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी भारत दौऱ्यावर आला. १३ डिसेंबर रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये हजारो रुपयांची तिकिटे काढून प्रेक्षक सकाळपासून बसले होते. मेस्सी मैदानात आला, परंतु त्याच्याभोवती मान्यवर, अधिकारी आणि छायाचित्रकार यांचे असे कडे पडले की गॅलरीतील प्रेक्षकाला तो धड दिसेना. जेमतेम वीस-बावीस मिनिटांत त्याला बाहेर नेण्यात आले. संतापलेल्या जमावाने बाटल्या आणि खुर्च्या मैदानात फेकल्या. मुख्य आयोजकाला अटक झाली, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली.

त्याच दिवशी हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्यात मेस्सीसोबत छायाचित्र काढण्याची सोय जाहीर झाली होती. सुमारे दहा लाख रुपये आणि वर कर, असा तिचा दर होता; ती शंभर जणांपुरती मर्यादित असल्याचे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले. व्यापाऱ्याच्या सवयीने हा आकडा मोडून पाहावा. शंभर जणांसाठी पाहुण्याने एक तास दिला असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला छत्तीस सेकंद येतात. म्हणजे एका सेकंदाचा भाव सत्तावीस हजार रुपयांहून अधिक झाला. इतका महाग माल कोणी वजन न करता घेत नाही. येथे मात्र तो डोळे मिटून घेतला जातो.

विदर्भातील कुटुंबाच्या हिशेबात तर तिकीट ही केवळ पहिली नोंद असते. मोठे कार्यक्रम बहुधा मुंबईत होतात. समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई अंतर ७०१ किलोमीटर आहे. जाणे-येणे, मुक्काम, अल्पवयीन मुलासोबत पालकाचे दुसरे तिकीट, दुकानाचे दोन दिवस बंद राहणे, आणि चौविहार पाळणाऱ्या घरात रात्रीच्या कार्यक्रमामुळे आधीच उरकावी लागणारी जेवणाची व्यवस्था हे सारे धरले की मूळ तिकीट लहान वाटू लागते. पाचशे रुपयांवरील कार्यक्रमाच्या तिकिटाला अठरा टक्के जीएसटी लागतो, आणि जाहिरातीतील आकड्यात तो असेलच असे नाही.

हौस खोटी नव्हे

तरीही मुलाची इच्छा हसण्यावारी नेणे योग्य नाही. ज्याच्या खेळाने किंवा गाण्याने एकाकी संध्याकाळी धीर दिला, त्याला एकदा जवळून पाहावे ही ओढ माणसाच्या स्वभावातच आहे. पैसे देऊन त्या माणसाच्या समीप उभे राहता येते. ही समीपता नाते ठरत नाही, हे मात्र मुलाला आधीच समजलेले बरे. पाहुण्याला ते छत्तीस सेकंद स्मरणात राहणार नाहीत. दुरून डोंगर साजरे, ही म्हण अशा भेटीनंतर अनेकांना आठवते.

याच दौऱ्यात १४ डिसेंबर रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर घडलेला प्रसंग म्हणूनच अधिक बोलका आहे. सचिन तेंडुलकर यांनी मेस्सीला आपली १० क्रमांकाची जर्सी भेट दिली, ते दृश्य सर्वत्र झळकले. पण त्याच मैदानावर महाराष्ट्र शासनाच्या ‘महादेवा’ या फुटबॉल प्रकल्पात निवडलेली तेरा वर्षांखालील मुले-मुलीही होती. निवड चाचण्यांतून पुढे आल्यामुळे त्यांना ती संधी लाभली होती. त्यांच्या पालकांनी त्यासाठी दर मोजला नव्हता. तिकिटाने आलेला आणि गुणांनी आलेला, दोघांनाही मेस्सी दिसला. परंतु घरी परतताना एकाच्या हाती छायाचित्र उरते, तर दुसऱ्याला उद्याच्या सरावाचे कारण मिळते.

पाच रुपयांची स्वाक्षरी

पैसे घेऊन भेट किंवा स्वाक्षरी देणे ही आजचीच रीत आहे, असे मात्र नाही. तिचे एक उज्ज्वल उदाहरण विदर्भाच्या भूमीशीच निगडित आहे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याहून आपल्या हरिजन यात्रेस आरंभ केला. या यात्रेत स्वाक्षरी मागणाऱ्याकडून ते पाच रुपये घेत आणि ती रक्कम हरिजन निधीत जमा होई. त्या काळी पाच रुपये ही लहान रक्कम नव्हती. मिळालेल्या भेटवस्तूंचा ते सभेतच लिलाव करीत आणि आपण जातीचे बनिया आहोत, असे विनोदाने सांगत. सुमारे नऊ महिन्यांच्या या यात्रेत जवळपास आठ लाख रुपये जमले.

१९३४ च्या जानेवारीत केरळातील वडकरा येथे कौमुदी नावाची सोळा वर्षांची मुलगी स्वाक्षरीसाठी पुढे आली. तिने आधी एक बांगडी दिली, मग दुसरी, मग गळ्यातील हार आणि कानांतील डूलही उतरवून दिले. गांधीजींनी तिला विचारले की हे दागिने पुन्हा करून घेणार नाहीस ना. तिने तसा शब्द दिला. तिच्या वयाच्या आजच्या मुलीला बापाकडून तिकीट हवे असते. कौमुदीने मूल्य स्वतःच्या अंगावरून उतरवून दिले. तिला स्वाक्षरी मिळालीच नसती, तरीही तिने दिलेले वाया गेले नसते.

आधुनिक काळात याच मार्गाचे दुसरे उदाहरण अमेरिकेत घडले. गुंतवणूकदार वॉरेन बफे यांच्यासोबत एका भोजनाचा मान दरवर्षी लिलावात विकला जाई आणि सारी रक्कम सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लाइड या संस्थेच्या निराधारांसाठीच्या कार्याला मिळे. २००० साली सुरू झालेल्या या उपक्रमाचा अखेरचा लिलाव २०२२ मध्ये एक कोटी नव्वद लाख डॉलरला गेला. एकूण पाच कोटी तीस लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. मुंबईत जन्मलेले मोहनीश पाबराय यांनी २००७ मध्ये आपल्या एका मित्रासह साडेसहा लाख डॉलरची बोली लावली. बफे यांच्या विचारांवर चालून आपण संपत्ती मिळवली, तेव्हा ही गुरुदक्षिणा होय, अशी त्यांची भूमिका होती. पत्नी आणि मुलींसह ते त्या भोजनाला गेले आणि काही तास संवाद झाला. गरीब घरांतील हुशार मुलांना आयआयटीच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार करणारी त्यांची संस्थाही ‘दक्षणा’ याच नावाने ओळखली जाते.

उछामणीची परंपरा

जैन वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. पर्युषणात भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी स्वप्ने उतरवण्याची, आरतीची, प्रथम पूजेची उछामणी होते. दिगंबर परंपरेत अभिषेकाच्या कलशाची बोली लागते. तेथेही श्रावक मानासाठीच रक्कम मोजतो. परंतु तीन गोष्टींनी हा व्यवहार वेगळा ठरतो. बोली सर्वांसमक्ष होते. रक्कम ठरलेल्या खात्यात जाते आणि तिचा हिशेब संघापुढे येतो. शिवाय ज्याने बोली घेतली त्याच्यामुळे इतरांचे दर्शन अडत नाही. कोलकात्यात नेमके उलटे घडले. ज्यांची वट होती ते मध्ये उभे राहिले आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांचे दर्शन अडले.

साधु-साध्वींच्या दर्शनाला तर मोलच नाही. रामटेकच्या शांतिनाथ मंदिराच्या परिसरात आचार्य विद्यासागर महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास झाले. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगड येथे त्यांनी देह ठेवला. रामटेकला त्यांच्या दर्शनासाठी ना तिकीट लागे, ना ओळखीची चिठ्ठी. ज्यांच्याजवळ देण्यासारखे सर्वाधिक होते, त्यांनी काहीच मागितले नाही, ही तुलना मुलांसमोर एकदा तरी ठेवावी. मात्र ती दटावणीच्या सुरात नसावी.

पैसे मोजण्यापूर्वी

या सर्व उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. ऐनवेळी भेट झालीच नाही, तरीही ती रक्कम योग्य ठिकाणी गेली, असे मनापासून म्हणता येईल काय? गांधीजींच्या पाच रुपयांबाबत ते म्हणता येते, बफे यांच्या भोजनाबाबतही म्हणता येते. जेथे म्हणता येत नाही, तेथे तो शुद्ध सौदा आहे, आणि सौद्याला सौद्याचेच नियम लावले पाहिजेत.

भेटीत नेमके काय मिळणार, हे लेखी असावे. छायाचित्र एकट्याचे की समूहाचे, ते कोण काढणार आणि कधी देणार, स्वाक्षरी होणार की नाही, मुलासोबत पालकाला प्रवेश आहे काय, आणि पाहुणा आला नाही किंवा लवकर निघून गेला तर पैसे परत कसे मिळणार, हे प्रश्न आधी विचारावेत. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. दलालाकडून चढ्या भावाने घेतलेले तिकीट दारातच नाकारले जाऊ शकते. जीएसटी क्रमांकासह पावती आणि मूळ जाहिरात जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

रकमेची मर्यादाही घरातच ठरावी. कर्ज काढून, दुकानाच्या भांडवलाला हात लावून किंवा दुसऱ्या भावंडाच्या शिक्षणाची तरतूद मोडून घेतलेली भेट कोणत्याही दराने महागच. मुलाने स्वतःच्या साठवणीतून काही भाग दिला, तर त्या हौसेची खोली त्याला स्वतःलाच कळते. पुष्कळदा साधे तिकीट काढून कार्यक्रम पाहणेच अधिक समाधान देते, कारण कलावंताचे उत्तम ते मंचावर असते, छायाचित्राच्या रांगेत नव्हे. नागपुरात खासदार सांस्कृतिक महोत्सवात नामवंत कलावंतांना विनामूल्य ऐकण्याची सोय वर्षानुवर्षे होत आली आहे, तिचाही विचार व्हावा.

आणि एवढे करूनही कुटुंबाने हिशेब मांडून, ऐपतीत राहून, मुलाच्या आनंदासाठी तो खर्च करण्याचे ठरवलेच, तर नंतर त्याला त्याची आठवण करून देऊन टोचू नये. दिलेल्या आनंदावर व्याज लावायचे नसते. फक्त परतल्यावर त्याला एवढेच विचारावे की त्या माणसाला भेटून आता तू काय करणार आहेस. उत्तरात फुटबॉल, रियाज किंवा अभ्यास आला, तर पैसे वसूल झाले. उत्तर केवळ छायाचित्र दाखवण्यात संपले, तर पुढच्या वेळी कोराडीच्या रस्त्याकडेला उभे राहून घडणारे फुकटचे दर्शनही त्याच मोलाचे आहे, हे घरातील थोरांनी त्याला प्रेमाने समजावावे.